शिकण्याचे तास कोणाच्या खात्यात?

जून २०२५ मध्ये टीसीएसने बेंचचा नवा नियम काढला. प्रत्येक कर्मचाऱ्याचे वर्षातले किमान २२५ दिवस बिलेबल (क्लायंटला बिल लावता येणारे) असले पाहिजेत आणि प्रकल्पाविना बसण्याचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. बेंचवर असताना रोज चार ते सहा तास नवी कौशल्ये शिकण्यात घालवावेत, असेही त्यात असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास, नोकऱ्या कमी करणार असल्याचे सांगितले. गाजली ती ही दुसरी बातमी. माझ्या मते पहिली अधिक बोलकी होती. माहिती तंत्रज्ञानातल्या माणसाने शिकायचे कधी, कुणाच्या वेळात आणि कुणाच्या पैशाने, हा या धंद्यातला जुना पेच त्या एका नियमात नेमका सापडतो: हाताला काम असते तेव्हा शिकायला वेळ नसतो, आणि वेळ मिळतो तेव्हा नोकरीच टांगणीला लागलेली असते.

एकेकाळी हा पेच फारसा पडत नसे, कारण शिकवण्याचा खर्च कंपनीच उचलायची. टीसीएसची स्थापना १९६८ ची. तेव्हा आणि त्यानंतरही बराच काळ संगणकशास्त्राची पदवी देणारी महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकी होती. सिव्हिल, मेकॅनिकल, गणित, भौतिकशास्त्र, जिथून मिळतील तिथून हुशार मुले उचलायची आणि पगार देऊन त्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायचे, अशी रीतच पडली. पुढे इन्फोसिसने म्हैसूरला प्रशिक्षणाचे जे अवाढव्य संकुल उभारले, ते याच रीतीतून. कंपन्यांच्या बाहेर एनआयआयटी (१९८१) आणि ॲप्टेक (१९८६) यांचे वर्ग शहरोशहरी निघाले. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक आली ती अमेरिकेकडून महासंगणक मिळेना म्हणून इथेच बांधायला, आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयारही झाला. पण पुण्यातल्या कित्येक घरांना सी-डॅक ठाऊक आहे ती ‘डॅक’मुळे. जेमतेम सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, दिवसभर व्याख्याने आणि लॅब, रात्री असाइनमेंट. ‘डॅक केलंय’ या वाक्याला मुलाखतीत वजन होते.

त्या व्यवस्थेचे गोडवे गायचे कारण नाही. शिकवले जाई ते क्लायंटला हवे तेवढेच, आणि वर बाँड लिहून घेतला जाई. वायटूकेच्या, म्हणजे २००० सालच्या तारखांच्या गोंधळाच्या, लाटेत घाईघाईने कोबोलवर घातलेल्यांपैकी अनेकांना २००० साल उजाडल्यावर पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. तरीही शिकण्याच्या महिन्यांचा पगार हातात पडत होता, हे विसरता येत नाही.

पगार देऊन शिकवण्याचा हा अलिखित करार मोडल्याचे कुणी जाहीर केले नाही. तो विरत गेला. आज टीसीएसच्या भरती परीक्षेतून नवखे उमेदवार निंजा, डिजिटल, प्राइम अशा थरांत वाटले जातात. निंजाला वर्षाला ३.३६ लाख, डिजिटलला ७ लाखांच्या आसपास. म्हणजे जो आधीच शिकून आला, त्याला दुप्पट. कंपनीच्या दृष्टीने यात गैर काही नाही, पण शिकवण्याचा खर्च त्यामुळे आईवडिलांच्या खिशावर पडला. तो कुठे जातो हे पाहायचे तर डेक्कन, शिवाजीनगर, कर्वेनगर भागातल्या क्लासच्या पाट्या वाचाव्यात: फुल स्टॅक, टेस्टिंग, क्लाउड, डेटा सायन्स आणि शंभर टक्के प्लेसमेंट. बीड, लातूर, जळगावहून आलेली मुले कॉटबेसिसवर राहून, कर्ज काढून ही फी भरतात. प्लेसमेंट झाले नाही की काही जण खोट्या अनुभवाच्या कागदांपर्यंत पोचतात. ही कीड जुनीच आहे. नॅसकॉम या उद्योगसंघटनेने कर्मचाऱ्यांची माहिती पडताळण्यासाठी नॅशनल स्किल्स रजिस्ट्री २००६ मध्ये सुरू केली, ती याचसाठी. आणि ज्या म्हैसूरच्या संकुलाकडे मुले मक्का-काशीसारखी पाहत, तिथून फेब्रुवारी २०२५ मध्ये तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना परत पाठवले गेले. तीन प्रयत्नांत अंतर्गत परीक्षा उत्तीर्ण न झाल्याचे कारण कंपनीने दिले. त्यांतल्या अनेकांनी नेमणूकपत्र मिळाल्यावर रुजू होण्यासाठी दोन-अडीच वर्षे वाट पाहिली होती.

नोकरी लागल्यानंतरचे शिकणे बऱ्याच अंशी बातम्यांतून होते, आणि या धंद्याच्या बातम्यांचे स्वरूपही पार बदलले आहे. १९८२ मध्ये ‘डेटाक्वेस्ट’ निघाले, १९८७ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’. नव्वदच्या दशकात ‘पीसीक्वेस्ट’बरोबर लिनक्सची सीडी यायची, आणि डायल-अपच्या जमान्यात कित्येकांनी त्या सीडीवरूनच लिनक्स पहिल्यांदा घरच्या मशीनवर चढवले. अंक महिन्यातून एकदा येई, त्यामुळे तो संपवता येई. आताचा प्रवाह संपतच नाही. सकाळी लिंक्डइनवर कुणीतरी नवे मॉडेल आल्याची द्वाही फिरवतो, दुपारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुठल्याशा कंपनीतल्या कपातीचा स्क्रीनशॉट फिरतो, रात्री यूट्यूबवर ‘ही पाच कौशल्ये शिका नाहीतर संपलात’. मराठी वृत्तपत्रांत या धंद्याची बातमी बहुधा तीनच निमित्तांनी येते: पॅकेज, कपात आणि हिंजवडीची वाहतूक. अच्युत गोडबोले, दीपक शिकारपूर यांच्यासारख्यांनी मराठीत तंत्रज्ञानावर भरपूर लिहिले, पण ते मुख्यतः बाहेरच्या किंवा नव्या वाचकासाठी. आत काम करणाऱ्याचे रोजचे तांत्रिक वाचन इंग्रजीतच होते. गंमत म्हणजे त्यावरची चर्चा मात्र सर्रास मराठीत चालते: ‘अरे, तो पॉड परत रिस्टार्ट झाला, लॉग बघ ना जरा.’

या गलक्यात खरी उपयोगाची बातमी फार हळू आवाजात येते. सपोर्ट कधी संपतो याची तारीख, नव्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स, सुरक्षेतल्या छिद्राची सूचना, झालेल्या बिघाडाचा अहवाल. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. अँग्युलरजेएसचा ३१ डिसेंबर २०२१ ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. यांतली एकही तारीख अचानक आलेली नाही, सगळ्या आगाऊ जाहीर होत्या. तरी दर वेळी शेवटच्या महिन्यात धावाधाव झालीच. जावाची नवी आवृत्ती २०१८ पासून दर सहा महिन्यांनी येते आणि दीर्घ आधाराची आवृत्ती आता दोन वर्षांनी: २०२१ ला १७, २०२३ ला २१, २०२५ ला २५. हे वेळापत्रक ज्याला ठाऊक आहे त्याला काय शिकायचे हे कुणा इन्फ्लुएन्सरने सांगावे लागत नाही.

अशा बातमीची किंमत लॉगफोरजेच्या प्रकरणात सगळ्यांना कळली. लॉगफोरजे हे जावा प्रणालींत नोंदी लिहिण्यासाठी वापरले जाणारे अपाचेचे एक साधे, फुकट, सर्वत्र आढळणारे ग्रंथालय. नोंदवायच्या मजकुरात विशिष्ट रचनेची ओळ घुसवली की सर्व्हर ती नुसती लिहून न ठेवता बाहेरच्या पत्त्यावरून कोड आणून चालवू शकतो, हे ९ आणि १० डिसेंबर २०२१ ला जगजाहीर झाले. तीव्रतेच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० मिळाले. १० तारीख शुक्रवारची, त्यामुळे तो शनिवार-रविवार जगभरच्या टीमचा गेला. २.१५ ही दुरुस्ती अपुरी निघाली, मग २.१६, मग २.१७. पण पॅच लावणे हा सोपा भाग होता. अवघड प्रश्न होता: हे आपल्याकडे कुठे कुठे आहे? आपण जे ग्रंथालय वापरतो, ते ज्या ग्रंथालयावर उभे आहे, त्याच्या पोटात काय आहे, हे ज्यांनी आधी तपासले होते त्यांनी तासाभरात यादी काढली. बाकीचे नाताळपर्यंत शोधत बसले. त्या दोन आठवड्यांत जावाच्या डिपेंडन्सीबद्दल लोक जे शिकले, ते कुठल्याही सशुल्क अभ्यासक्रमातून शिकले नसते.

दुसरे प्रकरण माझ्या विशेष आवडीचे आहे. मार्च २०२४ च्या शेवटी पोस्टग्रेसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टचा अभियंता आंद्रेस फ्रॉइंड काही मोजमापे करत होता. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आले. दुसरा कुणी असता तर चहा घ्यायला उठला असता. फ्रॉइंडने माग काढला, तर एक्सझेड नावाच्या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदतनीसाचे सोंग वठवून, थकलेल्या एकट्या देखभालकर्त्याकडून अधिकार मिळवले होते. २९ मार्चला फ्रॉइंडने हे उघड केले आणि प्रमुख लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोचण्याआधीच थांबले. या बातमीतून शिकण्यासारखे तांत्रिक बरेच आहे, पण त्याहून मोठी गोष्ट त्या अर्ध्या सेकंदाची आहे. आपल्या यंत्राची नेहमीची चाल ज्याला अंगवळणी पडली आहे त्यालाच तिच्यातला फरक खटकतो. हे कौशल्य कुठल्याही सीव्हीवर लिहिता येत नाही, आणि त्याचे प्रमाणपत्रही निघत नाही.

बिघाडांचे अहवाल हा तर फुकट मिळणारा, आणि बहुतेकांनी न उघडलेला, उत्तम अभ्यासक्रम आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ते फोटो सगळ्यांनी पुढे पाठवले. ऑगस्टमध्ये कंपनीने मूळ कारणांचा अहवाल दिला, तो फार थोड्यांनी वाचला असावा. कारण एका ओळीत सांगता येते: एका नमुन्यात २१ रकाने होते, ते वाचणाऱ्या कोडला २० च पुरवले जात होते, एकविसाव्याला हात घालताच यंत्र कोसळले. ज्या चाचण्या झाल्या त्यांत त्या एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ असेच चिन्ह होते, म्हणून दोष दिसलाच नाही. टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या मुला-मुलींना मी तोच अहवाल वाचायला सांगेन. १८ नोव्हेंबर २०२५ च्या क्लाउडफ्लेअरच्या खोळंब्याचा अहवाल तर त्याच दिवशी प्रसिद्ध झाला होता. आपल्याकडेही सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. पण भारतीय संस्थांनी आपल्या बिघाडाचा सविस्तर अहवाल सगळ्यांपुढे ठेवण्याची रीत काही रुजलेली नाही. आरसीए, म्हणजे मूळ कारणांचा अहवाल, लिहिला जातो तो क्लायंटच्या समाधानासाठी, गोपनीय शिक्का मारून. शेजारच्या टीमलाही तो पाहायला मिळत नाही.

याउलट प्रमाणपत्रे मोजता येतात, म्हणून मॅनेजरला आवडतात. वर्षअखेरीस अप्रेझल जवळ आले की टीमला आकडा दिला जातो: क्वार्टर संपेपर्यंत इतकी क्लाउड सर्टिफिकेशन. क्लाउड कंपन्यांच्या भागीदारीच्या पायऱ्यांसाठी प्रमाणित माणसांची संख्या लागते, हेही त्यामागे असते. मग व्हाउचर वाटले जातात आणि त्याच्या मागोमाग डंप फिरू लागतात. डंप म्हणजे परीक्षेत येणाऱ्या प्रश्नांची घोकायची फाइल. शनिवार-रविवार पाठ करायचे, सोमवारी परीक्षा, मंगळवारी लिंक्डइनवर बिल्ला. प्रमाणपत्रे सरसकट फोल नाहीत. कुबरनेटीसची सीकेए परीक्षा टर्मिनलवर प्रत्यक्ष काम करून द्यावी लागते, तिथे डंपचा उपयोग नाही. सुरक्षेतले सीआयएसएसपी टिकवायला तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण दाखवावे लागते. शिवाय लहान गावातल्या, नाव नसलेल्या महाविद्यालयातल्या मुलीला एखादे प्रमाणपत्र मुलाखतीचे दार तरी उघडून देते. मुदतींकडे मात्र डोळे उघडे ठेवून पाहावे. एडब्ल्यूएसची प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात, मायक्रोसॉफ्टची बरीचशी एकच वर्ष (नूतनीकरण फुकट, ही त्यातली भली बाब), आणि सीकेएची मुदत एप्रिल २०२४ पासून तिनावरून दोन वर्षांवर आली. ज्ञान जुने होते हे खरे, आणि परीक्षा घेणाऱ्यांचा तो व्यवसाय आहे हेही खरे.

फुकट साधनांची कमतरता तर मुळीच नाही. एनपीटीईएल २००३ पासून आहे, स्वयम २०१७ पासून, नॅसकॉम आणि केंद्र सरकारचे फ्युचरस्किल्स प्राइम आहे, कंपन्यांचे स्वतःचे मंच आहेत. पुण्यात पीएलयूजीचे लिनक्सवाले, इंडिकथ्रेड्सच्या परिषदा, सिंबायोसिसमधले ग्नुनिफाय अशा मंडळींनी एका पिढीला विनामोबदला शिकवले. अशा मेळाव्यांत व्याख्यानापेक्षा नंतर पायऱ्यांवर उभे राहून होणारी चर्चा मोलाची असते. मला न पटणारी गोष्ट अशी की साधने वाढली म्हणजे शिकणे वाढले, असे कंपन्या गृहीत धरतात. नऊ तास काम, दीड-दोन तास हिंजवडीचा रस्ता, रात्री अमेरिकेचा कॉल. उरलेल्या वेळात पोरांचा अभ्यास की स्वतःचा? बाळंतपणानंतर परतलेल्या अभियंत्या आणि रात्रपाळीत सपोर्ट करणारे, या दोघांना या हिशेबात सगळ्यात कमी वेळ मिळतो, आणि कपातीच्या यादीत ‘कौशल्ये कालबाह्य’ हा शेरा त्यांच्याच नावापुढे आधी येण्याचा धोका असतो. पंधरा-अठरा वर्षांच्या अनुभवाच्या मधल्या फळीचे दुखणे वेगळे. त्यांना कोड सोडून एक्सेलकडे ढकलले ते कंपनीनेच, बढती म्हणून.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आल्यापासून ‘एआय शिका’ हा एकच उपदेश सर्वत्र ऐकू येतो. पण पुराव्याकडे पाहिले तर चित्र गुंतागुंतीचे आहे. गिटहबच्या कोपायलटवर ९५ प्रोग्रॅमरांचा एक प्रयोग झाला. जावास्क्रिप्टमध्ये लहानसा सर्व्हर लिहायचा होता, आणि साधन वापरणाऱ्यांनी ५५.८ टक्के कमी वेळात तो लिहिला. २०२५ मध्ये मीटर या संस्थेने १६ अनुभवी मुक्तस्रोत विकासकांना त्यांच्याच ओळखीच्या मोठ्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली. एआय वापरायला मुभा होती तिथे कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता २४ टक्के वेळ वाचेल, आणि काम झाल्यावरही वाटत होते २० टक्के वाचला. दोन्ही प्रयोग लहान आहेत, आणि साधने दर काही महिन्यांनी बदलतात. मी त्यांत परस्परविरोध मानत नाही. कोरे, लहान काम आणि वर्षानुवर्षांचे गुंतलेले कोड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुण्यातल्या बहुतेक टीम दुसऱ्या प्रकारात मोडतात. चिंता करायची तर त्या फसलेल्या अंदाजाची करावी. आपण वेगाने शिकतोय, असे वाटणे आणि शिकणे यांतले अंतर माणसाला आतून कळत नाही.

शिकण्याच्या दृष्टीने एक नुकसान आजच दिसते आहे. नवखा मुलगा छोटे बग सोडवत, युनिट टेस्ट लिहीत, सीनियरच्या कोड रिव्ह्यूत बोलणी खात तयार होई. नेमकी तीच कामे एआयकडे आधी जातात. २००८ पासून स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न आणि उत्तरे सगळ्यांपुढे पडत. तिथला खवटपणा प्रसिद्ध होता, तरी एकाची अडचण दहा हजारांच्या कामी येई. गेल्या काही वर्षांत तिथे नव्या प्रश्नांचा ओघ आटला आहे. प्रश्न आता खासगी खिडकीत विचारला जातो आणि उत्तर तिथेच राहते. शेजारी बसलेल्या सीनियरलाही कळत नाही की ज्युनियरचे नेमके काय अडले होते.

मग वेळ आणि पैसा कोणी द्यायचा? सिंगापूरने २०१५ मध्ये स्किल्सफ्युचर योजना आणून पंचविशी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाच्या नावे शिक्षणासाठी ५०० सिंगापूर डॉलर ठेवले आणि २०२४ मध्ये चाळिशीवरच्यांना आणखी ४,००० दिले, तेही नोकरी असताना वापरता येतील असे. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत ‘पुनर्कौशल्य निधी’ आहे. कामगाराची कपात झाली तर मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराप्रमाणे १५ दिवसांची रक्कम या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. म्हणजे कायद्याने शिकण्याची दखल घेतली, ती नोकरी गेल्यावर. त्यातही या धंद्यात कपात सहसा कपात म्हणून होत नाही. एचआर खोलीत बोलावते, पीआयपीचा, म्हणजे कामगिरी सुधारण्याच्या योजनेचा, कागद दाखवते, अनुभवाचे पत्र हवे असेल तर आजच्या आज मेल टाका म्हणते. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशा सक्तीच्या राजीनाम्यांच्या तक्रारी कामगार खात्याकडे नेत आली आहे. मेल टाकला की कागदोपत्री तो राजीनामा ठरतो, आणि राजीनामा देणाऱ्याला ते १५ दिवसांचे पैसेही लागू होत नाहीत.